समोरच्या गाडीचा विमा नसेल तर

२९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याच्या खाली जाऊन कलंडला. त्यातून पेट्रोल झिरपत राहिले आणि सव्वासातच्या सुमारास स्फोट होऊन आग भडकली. टँकरभोवती जमलेली माणसे त्यात होरपळली, काही दगावली. त्यांच्या नातेवाइकांनी भरपाई मागितली तेव्हा मोटार अपघात दावा प्राधिकरणाने ती नाकारली. आग टकरीनंतर चार तासांनी लागली, तिचा वाहनाच्या वापराशी संबंध नाही, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे म्हणणे कायम केले. ‘वाहनाचा वापर’ याचा अर्थ किती व्यापक घ्यायचा हे सांगताना आजही या निकालाचा आधार घेतला जातो. तेव्हा प्रश्न होता तो चूक कोणाची हे न पाहता मिळणाऱ्या १५ हजार रुपयांचा. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार ही रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. कायदा असा पीडितांच्या बाजूने वाढत गेला, पण एक गोष्ट बदललेली नाही. भरपाईचा आदेश निघाल्यावर पैसे देणारे कोणीतरी असावे लागते, आणि बहुतेक दाव्यांत तो देणारा म्हणजे समोरच्या वाहनाची विमा कंपनी. ती कंपनीच नसेल तर आदेश गाडीमालकाच्या नावावर निघतो आणि त्याच्या खिशात जेवढे असेल तेवढ्यावर येऊन थांबतो. म्हणून सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याने आपल्या भरपाईची भिस्त समोरच्याच्या पॉलिसीवर ठेवू नये, ती आपल्याच पॉलिसींमधून उभी करावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

कलम १४६ प्रमाणे प्रत्येक वाहनाचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तरीही देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांचा विमा नसल्याची नोंद संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ च्या अहवालात घेतली. यात मोठा वाटा दुचाकींचा आहे आणि त्यामागे एक साधे कारण आहे, ते फार कमी लोकांच्या लक्षात येते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा विकत घेतानाच काढावा लागतो. त्यामुळे शोरूममधून निघालेली गाडी पहिली काही वर्षे विम्यात असते, आणि मालकाला दरवर्षी नूतनीकरणाची सवय लागत नाही. सप्टेंबर २०२३ पासून ही पाच वर्षे एकेका दुचाकीची संपत चालली आहेत. तोवर गाडी कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या हातात गेलेली असते, पॉलिसीचा कागद पहिल्या मालकाच्या कपाटात राहिलेला असतो, आणि चालवणाऱ्याला विमा संपल्याचा पत्ताही नसतो. पैशांचा प्रश्न फारसा नाही. २०२२ च्या दरपत्रकानुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता कर सोडून वर्षाला ७१४ रुपये आहे, तर विना विमा सापडल्यास पहिल्या खेपेचा दंड २,००० रुपये आणि शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. तरीही शेताला, डेअरीला, गावातल्या गावात जाणाऱ्या गाडीला विमा कशाला, ही समजूत पक्की आहे. तीच गाडी संध्याकाळी पेठ नाक्यावर किंवा उंब्रजजवळ महामार्ग ओलांडते.

उसाच्या हंगामात प्रश्न आणखी टोकदार होतो. कराड, वाळवा, पलूस, सातारा या पट्ट्यात कारखान्यांची धुराडी पेटली की साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रभर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विमाही ट्रॅक्टरच्या पॉलिसीत वेगळा हप्ता भरून नोंदवावा लागतो. प्रत्यक्षात अनेकदा ट्रॅक्टरचा कागद असतो, ट्रॉलीचा नसतो, आणि मागून येऊन धडकणारी कार धडकते ती ट्रॉलीलाच. मग ट्रॉलीमुळे झालेल्या नुकसानीला ट्रॅक्टरची पॉलिसी लागू होते का, यावर विमा कंपनी प्राधिकरणात भांडते. बैलगाडीचा तर प्रश्नच वेगळा. ती कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच नाही, त्यामुळे तिच्यामागे कोणतीही विमा कंपनी उभी नसते. कृष्णाकाठच्या धुक्यात मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची गाडी अचानक समोर आली तर कारचालकाला मिळणारी भरपाई त्याने स्वतः काय काढून ठेवले आहे यावरच ठरते.

विमा असूनही तो अपुरा ठरतो अशा जागाही आपल्याकडे भरपूर आहेत. वडापच्या जीपमध्ये बसणारा प्रवासी समजतो की गाडीचा विमा आहे म्हणजे आपण सुरक्षित. पण जीप खासगी नोंदणीची असेल तर तिच्या पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेण्याला परवानगी नसते, आणि कंपनी याच मुद्द्यावर हात झटकते. मांढरदेवच्या यात्रेला मालवाहू टेम्पोतून जाणाऱ्या माणसांचेही तसेच. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दोन दशकांपूर्वीच स्पष्ट केले आहे. ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांवर बसून जाणाऱ्या तोडणी कामगारांचा धोका याहून मोठा आणि संरक्षण याहून कमी. आपल्या कारचे नुकसान भरून घ्यायचे तर त्यालाही मर्यादा आहे. थर्ड पार्टी विम्यात शारीरिक इजेसाठी कमाल मर्यादा नसते, पण मालमत्तेच्या नुकसानीसाठी कारच्या पॉलिसीत साडेसात लाख आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखच असतात. बनावट पॉलिसीचा धोका आहेच. स्वस्तात कागद करून देणाऱ्याकडून घेतलेली पॉलिसी अपघातानंतर कंपनीच्या नोंदीत सापडत नाही, आणि तोवर मालकालाही तो कागद खोटा असल्याचे माहीत नसते. एकाच बाबतीत पीडिताला दिलासा आहे. चालकाकडे परवाना नसला किंवा पॉलिसीच्या काही अटी मोडल्या असल्या तरी कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायालये देतात. पण त्यासाठी मुळात जिवंत पॉलिसी हवी.

इथे पहिला आक्षेप येतो: विमा नसला म्हणून काय झाले, चूक त्याची आहे, कोर्टात खेचू आणि वसूल करू. कायद्यात सोय आहे हे खरे. प्राधिकरणाने वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार विमा नसलेले अपघातग्रस्त वाहन मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडायचे नाही, आणि हमी न दिल्यास त्याचा लिलाव करून पैसे प्राधिकरणात जमा करायचे. हे नियम चांगले आहेत आणि त्यांचा आग्रह धरावा. मात्र त्यातून किती हाती येईल याचा हिशेब आधी मांडून पाहावा. समजा, कराडमध्ये स्वतःचा व्यवसाय करणारा ३५ वर्षांचा माणूस महिन्याला ३० हजार कमावतो आणि घरात पत्नी, दोन मुले व आई त्याच्यावर अवलंबून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या पद्धतीने वार्षिक ३ लाख ६० हजारांत भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे आणि उरलेल्या ३ लाख ७८ हजारांना या वयाच्या १६ या गुणकाने गुणायचे. उत्तर ६० लाख ४८ हजार येते, अंत्यविधी आणि सहवास गमावल्याबद्दलच्या रकमा वेगळ्या. आता समोर विमा नसलेली आठ वर्षे जुनी मोटारसायकल आणि दीड एकरात चार भाऊ, अशी स्थिती असेल तर लिलावातून काय येणार आणि जमिनीच्या हिश्श्यातून किती वर्षांनी काय निघणार? खटला जिंकता येतो, पैसे मिळतातच असे नाही. घराचा उद्याचा खर्च या वसुलीवर अवलंबून ठेवणे घरातल्यांवर अन्यायकारक आहे.

जगात काही ठिकाणी यावर थेट उपाय आहे. ब्रिटनमध्ये १९४६ पासून मोटार विमा कंपन्यांच्या वर्गणीवर चालणारी एक संस्था आहे. विमा नसलेल्या किंवा पळून गेलेल्या वाहनाने इजा केली तर भरपाई ती देते. अमेरिकेत अनेक राज्यांत स्वतःच्या कारच्या पॉलिसीतच एक वेगळे कलम घेता येते: समोरच्याकडे विमा नसेल किंवा फार थोड्या रकमेचा असेल तर त्याच्या जागी आपलीच कंपनी आपल्याला पैसे देते. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे कलम ओळखीचे असते, आणि इथल्या नातेवाइकांनाही आपल्या ‘फुल इन्शुरन्स’मध्ये तसे काही असेलच असे वाटते. तसे ते नाही. भारतातल्या कार पॉलिसीत या नावाचे संरक्षण मिळत नाही. इथे आहे तो पळून गेलेल्या, म्हणजे ओळख न पटलेल्या वाहनासाठीचा निधी. २०२२ च्या योजनेनुसार त्यातून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, आणि अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयाकडे करायचा असतो. वाहन ओळखले गेले, मालकही सापडला, फक्त विमा नाही, अशा वेळी हा निधी उपयोगी पडत नाही. एसटीची गोष्ट मात्र निराळी. महामंडळाच्या बसचा खासगी कंपनीकडे विमा नसतो, कारण कायद्याने त्यांना स्वतःचा निधी ठेवण्याची मुभा आहे, आणि भरपाई महामंडळ देते. तेव्हा एसटीशी अपघात झाला आणि ‘विमा नाही’ असे कोणी सांगितले, तर घाबरून जाऊ नये.

म्हणजे तिकडे एका कलमात जे मिळते ते आपल्याला तुकड्यातुकड्याने जमवावे लागते. पहिला तुकडा गाडीचा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आपल्या कारचा पत्रा स्वतःच्या पैशांनीच सरळ करावा लागेल. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण, म्हणजे लोक ज्याला फर्स्ट पार्टी म्हणतात ते, हवे. सप्टेंबर २०१९ पासून ते स्वतंत्रपणेही घेता येते, अगदी थर्ड पार्टी दुसऱ्या कंपनीचे असले तरी. यात चूक कोणाची हे पाहिले जात नाही. समोरचा पळाला, विमा नव्हता, बैलगाडी होती, तरी क्लेम चालतो. पण पूर्ण बिल मिळत नाही. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, आणि आजच्या कारचा पुढचा भाग बहुतांशी प्लास्टिकच असतो. म्हणून गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर झिरो डेप्रिसिएशनची जोड घ्यावी. ज्या रस्त्यावर ट्रॉलीला पाठीमागून धडकण्याचा धोका मोठा, तिथे बंपर, दिवे, ग्रिल हेच आधी जाते.

मग लोक विचारतात: चूक त्याची, आणि आमचा नो क्लेम बोनस का जावा? ही तक्रार रास्त आहे, पण तिचे उत्तर हिशेबानेच द्यावे लागते. समजा, बोनस धरण्यापूर्वी आपल्या नुकसानीच्या भागाचा हप्ता १० हजार आहे आणि ५० टक्के बोनसमुळे आपण ५ हजार भरतो. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, त्यानंतर क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५० टक्के. या पाच वर्षांत जास्तीचे भरावे लागणारे पैसे मोजले तर साधारण साडेबारा हजार होतात. त्यात क्लेममधून कापले जाणारे सक्तीचे एक-दोन हजार मिळवा. बिल याच्या आसपास असेल तर क्लेम करू नये, खिशातून भरावे. ४० हजारांचे बिल असेल तर बोनसची हळहळ बाजूला ठेवून क्लेम करावा. भरपाई दिल्यानंतर समोरच्याकडून वसूल करण्याचा आपला हक्क कंपनीकडे जातो, त्यामुळे समोरच्याला ‘मिटले, काही देणे नाही’ असे लिहून देऊ नये. चौकात चार माणसे जमतात, पाच हजारांवर मांडवली होते, आणि त्या चिठ्ठीमुळे पुढचा क्लेम अडकतो. कंपनीला न कळवता कोणताही समझोता करू नये.

जुनी कार घेणाऱ्यांनी एक बाब विशेष सांभाळावी. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग जात नाही. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. एमएच १० ची गाडी एमएच ११ मध्ये आली, आरसीवर नाव चढले, आणि पॉलिसी मात्र जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर अपघातानंतर क्लेम फेटाळला जातो आणि न्यायालयही त्यात फार काही करू शकत नाही.

दुसरा तुकडा माणसाचा, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. फर्स्ट पार्टी काढली म्हणजे आत बसलेले सगळे सुरक्षित, असे धरले जाते. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे आहे. मृत्यू झाला, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मी. पाय मोडून सहा महिने घरी बसावे लागले तर काहीही नाही, दवाखान्याचे बिलही नाही. शिवाय हे संरक्षण आरसीवर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे त्यालाच. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, ही आपल्या घरांतली नेहमीची रीत, आणि त्या मुलाला या १५ लाखांतला एक रुपयाही मिळत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. उसनी मोटारसायकल चालवणारा तरुण दुसऱ्या मोटारसायकलच्या धडकेत गेला, आणि कुटुंबाने दावा केला तो फक्त उसन्या गाडीच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर. उसनी गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो त्या पॉलिसीसाठी तिसरा पक्ष नाही, असे न्यायालय म्हणाले आणि वैयक्तिक अपघात कलमातले एक लाखच मंजूर झाले. दावा धडक देणाऱ्या गाडीवर करायला हवा होता. ती विमा नसलेली असेल तर काय, हा प्रश्न तिथेच उरतो.

म्हणून नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीचा कागद हातात घेऊन तीन गोष्टी तपासाव्यात. मालक-चालकाचे कलम वगळलेले नाही ना. ‘दुसरी पॉलिसी आहे’ असे लिहून एजंट हप्ता कमी दाखवतात आणि प्रत्यक्षात दुसरी पॉलिसी नसते. मालकाकडे कार आणि दुचाकी दोन्ही असतील तर हे कलम एकदाच पुरते, दोनदा पैसे भरू नयेत. दुसरे, गाडीतल्या बाकीच्यांसाठी प्रत्येकी दोन लाखांपर्यंतचे अनामिक प्रवासी संरक्षण घेतले आहे का. तिसरे, पगारी ड्रायव्हर असेल तर त्याचे कलम जोडले आहे का, तो हप्ता अगदी किरकोळ असतो. पूर्ण पॅकेज पॉलिसी घेण्याला आणखी एक कारण आहे. दोन वाहनांची मिळून चूक असेल तर प्रवाशाला पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत आतल्या प्रवाशांची जबाबदारी येते, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. दिवे नसलेल्या ट्रॉलीला भरधाव कार धडकली अशा अपघातात न्यायालये बऱ्याचदा दोघांनाही दोष देतात. तेव्हा ट्रॉलीचा विमा नसला तरी मागच्या सीटवरच्या आईला किंवा बहिणीला आपल्याच कारच्या कंपनीकडून पूर्ण भरपाई मिळू शकते. त्यासाठी दाव्यात दोन्ही वाहने प्रतिवादी करायला हवीत. वकिलाला हे आवर्जून सांगावे.

तिसरा तुकडा कमाईचा आहे आणि तो कारच्या पॉलिसीबाहेर जाऊनच घ्यावा लागतो. वर काढलेल्या साठ लाखांच्या आकड्यापुढे पंधरा लाख किती तोकडे आहेत ते उघड आहे. ही दरी मुदत विमा आणि स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी यांनी भरून काढावी. विमा नियामकाने २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘सरल सुरक्षा बीमा’ ही एकसारख्या अटींची अपघात पॉलिसी ठेवायला लावली आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. तिच्यात अंशतः कायमचे अपंगत्वही येते, आणि जादा हप्ता भरून तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के घेता येतात. वीस लाखांची पॉलिसी असेल तर आठवड्याला चार हजार, जास्तीत जास्त शंभर आठवडे. प्लॅस्टर घालून घरी बसलेल्या दुकानदाराला किंवा रिक्षावाल्याला हेच सर्वांत उपयोगी कलम आहे आणि एजंट ते क्वचितच सुचवतात. ही पॉलिसी पायी चालतानाही लागू असते, दुसऱ्याच्या गाडीतही, वडापमध्येही.

‘मेडिक्लेम आहे, तेवढे पुरे’ असे म्हणणाऱ्यांनी मिरजेच्या किंवा कराडच्या दवाखान्यातले बिल आणि त्यानंतरचे रिकामे महिने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात घ्यावे. मेडिक्लेम पहिल्या गोष्टीपुरता. पहिल्या सात दिवसांसाठी मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजनाही आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात दीड लाखांपर्यंत उपचार मिळतात. दाखल करतानाच ही योजना मागावी, नंतर मागून उपयोग नसतो. ज्यांना मोठा हप्ता परवडत नाही त्यांनी किमान बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू ठेवावी. अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख मिळतात. मेअखेर खात्यात शिल्लक नसेल तर ती बंद पडते आणि घरच्यांना ते अपघातानंतरच कळते. शेतकरी कुटुंबांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतूनही दोन लाखांपर्यंत मिळतात, त्यात रस्ता अपघात येतो आणि सातबारावरच्या शेतकऱ्याबरोबर कुटुंबातली आणखी एक व्यक्तीही येते.

एवढे सगळे आम्ही काढायचे, आणि विमा न काढणारा मोकळा फिरणार, हे न्याय्य आहे का? नाही. पोलिसांनी आणि आरटीओने तपासणी कडक करावी, ब्रिटनसारखा निधी इथेही विना विमा वाहनांसाठी उभा राहावा, ही मागणी योग्यच आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत एक गोष्ट तर लगेच करता येईल. साखर कारखाने दर हंगामात वाहतूकदारांशी करार करतात, उचल देतात, वाहनांना क्रमांक देतात. त्याच वेळी ट्रॅक्टरचा आणि दोन्ही ट्रॉल्यांचा वैध विमा पाहूनच करार करायचा, असे संचालक मंडळाने ठरवले तर एका हंगामात चित्र पालटेल. सभासदांनी वार्षिक सभेत ही मागणी करावी. शाळेच्या व्हॅनसाठी पालकांना हेच करता येईल. पण ही सुधारणा होईपर्यंतच्या रस्त्यावर आपल्याला आजच गाडी चालवायची आहे.

अपघात झालाच तर पहिल्या अर्ध्या तासात काही गोष्टी कराव्यात. जखमींची सोय लागली की समोरच्या वाहनाच्या नंबरप्लेटचा, ट्रॉली असेल तर तिच्याही क्रमांकाचा फोटो घ्यावा. एमपरिवहन अॅपमध्ये क्रमांक टाकला की विम्याची मुदत दिसते. ती संपलेली दिसली तर त्या पडद्याचाही फोटो तारखेसह ठेवावा, कारण अपघातानंतर घाईने काढलेली पॉलिसी दाखवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी आणि पंचनाम्यात विमा नसल्याची नोंद व्हावी असा आग्रह धरावा, म्हणजे वाहन हमीशिवाय सुटू नये असे न्यायालयाला सांगता येते. आपल्या कंपनीला त्याच दिवशी कळवावे. दाव्यासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी तिच्या आतच अर्ज करणे शहाणपणाचे. अपघात कागवाडजवळ कर्नाटकात झाला आणि समोरची गाडी तिकडची असली तरी सांगलीत राहणाऱ्याला दावा सांगलीच्या प्राधिकरणात दाखल करता येतो. त्यासाठी तारखांना चिकोडीला किंवा अथणीला हेलपाटे घालावे लागत नाहीत.